‘उदाहरणे अचूक सोडवतो’

३१ जानेवारी, शनिवार. सकाळची शाळा अकराला सुटली आणि मी स्टाफरूममध्ये आठवीच्या वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले. सोमवारी तपासणी होती आणि माझ्या वहीत अर्धा वर्ग कोरा होता.

ज्यांना हे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाबद्दल प्रत्येक विषयात शिक्षकानं एक-दोन वाक्यं लिहायची असतात. त्याला काय येतं, कुठे अडतो, कशात रमतो. कल्पना चांगली आहे. पण मुलं खूप आणि वेळ थोडा, म्हणून बाजारात तयार वाक्यांची पुस्तिका मिळते. ‘संख्यांवरील क्रिया जलद करतो.’ ‘दैनंदिन व्यवहारात गणिताचा उपयोग करतो.’ ‘उदाहरणे अचूक सोडवतो.’ पुस्तिका डाव्या हाताला ठेवायची, वही समोर घ्यायची आणि पेन चालवायचं. मी तेवीस वर्षं गणित शिकवते आहे. ती पुस्तिका मला आता उघडावीही लागत नाही. बाकीच्या मुलांसाठी मी निदान वाक्य निवडते. ढ असलेल्याला हुशार लिहीत नाही. फुटबॉल अकादमीची जी मुलं नावापुरती आमच्या पटावर आहेत, त्यांच्यासाठी निवडत नव्हते. पहिल्याला पहिलं वाक्य, दुसऱ्याला दुसरं, असं ओळीनं वाटत जायचे, कारण त्यांना मी गणित करताना पाहिलेलंच नव्हतं.

आमची शाळा अनुदानित, हुडकेश्वरकडच्या वस्तीतली. आजूबाजूच्या वावरांत प्लॉट पडले, घरं झाली आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी इंग्रजी शाळेची पिवळी बस थांबायला लागली. आमचा पट घसरत गेला. पट घसरला की शिक्षकांची पदं कमी होतात. जो सगळ्यांत नवा तो अतिरिक्त ठरतो आणि जिल्ह्यात जागा असेल तिथे त्याला पाठवतात. म्हणून दर मे महिन्यात आम्ही शिक्षक डोक्याला दुपट्टे बांधून घरोघर मुलं मागत फिरतो. लोक दार उघडतात, माठातलं पाणी देतात आणि सांगतात की मुलाची ॲडमिशन झाली.

चार वर्षांपूर्वी अशाच मे महिन्यात एक माणूस आपणहून शाळेत आला. रिंग रोडच्या पलीकडे त्यानं मैदान भाड्यानं घेतलं होतं, शेजारी एक दुमजली घर घेतलं होतं, आणि कन्हान, खापरखेडा, उमरेड अशा गावांहून निवडून आणलेली अठरा मुलं त्याच्याकडे राहायला येणार होती. त्यांना फुटबॉलपटू करायचं होतं. त्यासाठी कुठल्यातरी शाळेत नाव असणं भाग होतं. त्याला शाळेचं नाव हवं होतं, आम्हाला मुलांची नावं हवी होती. मुख्याध्यापकांनी त्या दिवशी सगळ्या स्टाफसाठी समोसे मागवले. मीही दोन खाल्ले.

पहिल्या वर्षी ती मुलं दुपारी बारा ते तीन येत. अर्धी बाकावर डोकं टेकून झोपत, पण येत. दुसऱ्या वर्षी फक्त शनिवारी येऊ लागली. मग शनिवारी सामने सुरू झाले आणि ती फक्त परीक्षेला दिसू लागली. हजेरीत मात्र एकही दिवस गैरहजर नाही. ज्या दिवशी वर्गातल्या निम्म्या मुलांना ताप होता त्या दिवशीही ती हजर. शिक्षण सक्तीचं आहे असं कायदा म्हणतो. आम्ही ती सक्ती रजिस्टरवर करत होतो.

साडेअकराच्या सुमारास स्टाफरूमच्या दारात एक माणूस येऊन उभा राहिला. डोळे तारवटलेले, बुटांवर राख. नववीतल्या एका मुलाचे वडील. खापरखेड्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राखेच्या कामावर आहेत. रात्रपाळी संपवून, मोटरसायकलवर सगळं शहर ओलांडून ते थेट शाळेत आले होते. त्यांचा मुलगा अकादमीचा गोलकीपर. सहावीपासून आमच्या पटावर आहे, मागच्या वर्षी आठवीत माझ्याच वर्गात होता. डिसेंबरमध्ये बाहेरच्या राज्यातल्या एका मोठ्या व्यावसायिक क्लबनं त्याला चाचणीसाठी बोलावलं तेव्हा आम्ही फळ्यावर रंगीत खडूनं त्याचं अभिनंदन लिहिलं होतं.

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. प्लास्टिकच्या फोल्डरमधून मुलाचं मागच्या वर्षीचं प्रगतिपत्रक काढून त्यांनी माझ्या वहीवर ठेवलं.

“मॅडम, हे अक्षर तुमचंच व्हय ना?”

“हो.”

“वाचून दाखवता काय जरा?”

“त्यात काय आहे ते मला माहीत आहे.”

“तरी वाचा. मी जास्त शिकलेलो नाही. मले बराबर समजलं का नाही, तेवढं पाहाचं आहे.”

मी वाचलं. गणित, श्रेणी अ-२. उदाहरणे अचूक सोडवतो.

“अचूक म्हणजे चुकत नाही, असंच ना?”

“असंच.”

त्यांनी दुसरा कागद काढला. क्लबचं पत्र होतं, इंग्रजीत. कॉलनीतल्या कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं, कारण ओळींच्या वर पेन्सिलीनं मराठीत अर्थ लिहिलेला होता. पत्र साधं होतं. मुलाचा खेळ आम्हाला पसंत आहे. त्याला घ्यायची आमची तयारी आहे. आमच्याकडे राहणारी सगळी मुलं जवळच्या शाळेत जातात आणि त्या शाळेनं चाचणी घेतल्याशिवाय आम्ही अठरा वर्षांखालच्या कोणालाच ठेवून घेत नाही. तुमच्या मुलाचं गणित आणि वाचन तिसरीच्या पातळीचं आहे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा एक संधी देऊ. तेव्हाही जमलं नाही तर जागा दुसऱ्याला जाईल.

“पेपर पाचवीचा होता म्हणते,” वडील म्हणाले. “हिंदीतून देला त्यायनं, पोट्ट्याले समजावा म्हणून. माहा पोट्टा कागदावर नाव लिहून बसून राहिला. आता तुम्ही म्हणता, अचूक सोडवते. ते म्हणते, तिसरीएवढंच येते. मले एवढंच सांगा, खोटं कोण बोलून राहिलं?”

स्टाफरूममध्ये आणखी एक शिक्षिका होती, विज्ञान शिकवणारी, आमच्यात सगळ्यांत लहान. तिनं मान वर केली नाही, पण तिचं पेन थांबलं.

“खोटं मी लिहिलं आहे,” मी म्हणाले.

ते भांडायच्या तयारीनं आले होते. हे उत्तर त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. आता ते खुर्चीत बसले.

“काहून लिहिलं?”

मी त्यांना पटाबद्दल सांगितलं. सगळं सांगितलं, मुलं नसली तर पदं जातात तेही. ऐकून झाल्यावर ते म्हणाले, “म्हणजे तुमच्या नोकऱ्यायसाठी.”

“हो.”

“अन् मी कॉलनीत सांगत फिरलो का माहा पोट्टा खेळतेही अन् शिकतेही. बायको म्हणे, अहो एकदा शाळेत जाऊन पाहून या. मी म्हटलं, पत्रिकेत अ लिहून राहिले, जाऊन काय पाहाचं.”

मला त्या क्षणी राग आला तो आधी त्यांचाच. चार वर्षांत एकदाही का नाही आलात, असं मला विचारायचं होतं. मग मागच्या वर्षीचा मे महिना आठवला आणि तो प्रश्न मी गिळला. आठवीला आता वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. ही मुलं एप्रिलमध्ये नापास झाली होती. त्यांची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा पर्यवेक्षक मी होते. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणाले, “मॅडम, जरा मदत करा पोरांना,” आणि मी खडू घेऊन उत्तरं फळ्यावर लिहिली होती. हा मुलगा पहिल्या बाकावर होता. सगळ्यांत सुबक उतरवून घेतलं ते यानंच. वळणदार आकडे, कुठे खाडाखोड नाही. मी त्याला शाबासही म्हटलं होतं.

“पंधरा दिवस मी ते पत्र गादीखाली ठेवलं,” वडील उठता उठता म्हणाले. “पोट्टा घरी येऊन बोलेनाच. आता एप्रिलपर्यंत काय होते ते तुम्ही सांगा. नाही होत असंन तर तसं सांगा. मी त्याले ठेकेदाराकडे लावून देतो. पण आता लिहून नका देऊ, तोंडानं सांगा.”

उद्यापर्यंत सांगते, असं मी म्हटलं. ते गेले.

मी तशीच मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये गेले. ते तपासणीच्या फायलींना लेबलं लावत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बाप लोकं येतच असतात मॅडम. चहा पाजायचा अन् पाठवून द्यायचं.”

“त्याची जागा जाणार आहे, सर.”

“आपण क्लब चालवतो का? नाही. मग? नववी पास करून टाकू त्याला. अन् दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगू. सगळ्याच फुटबॉलवाल्यांना सांगणार आहे मी यंदापासून.”

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायची सोय. शाळा सुटलेल्या, काम करणाऱ्या लोकांसाठी ती आहे. मी विचारलं, “शाळेत नाव असलेल्या मुलांनी बाहेरून कशाला बसायचं?”

“अहो, दहावीचा निकाल आपल्या नावावर लागतो ना. ही पोरं बसली तर निकाल कुठं जाईल माहिती आहे? नववीपर्यंत आपल्या पटावर राहू द्यायची. दहावीला बाहेरून. त्यांनाही बरं, आपल्यालाही बरं.” हे सांगताना त्यांनी एक लेबल नखानं नीट दाबून बसवलं.

मी तेवीस वर्षं या शाळेत आहे. पटासाठी खोटं बोलणं मला कळतं, त्यात मीच होते. पण मुलाचं नाव चार वर्षं वापरायचं आणि परीक्षेला बसायची वेळ आली की त्याला दारातून बाहेर काढायचं, हे इतक्या थंडपणे ठरवलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

“सोमवारपासून माझ्या वर्गात जे असतील तेच हजर,” मी म्हणाले.

“लावा. खुशाल लावा.” त्यांनी पेननं स्टाफरूमकडे दाखवलं. “फक्त तिकडं ती बसली आहे ना, तिला सांगून मग लावा. तुम्ही सीनियर आहात, तुम्हाला कोण हलवतं. पद गेलं तर तिचं जाईल.”

मी स्टाफरूममध्ये परत आले आणि वही पुढे ओढली. आठवीत फुटबॉलची सात मुलं आहेत. सातही नावांपुढे मी एकच वाक्य लिहिलं: ‘वर्गात येत नाही. याला गणितात काय येतं हे मला माहीत नाही.’ खाली सही केली. सात वेळा लिहायला पाच मिनिटं लागली असतील. पुस्तिकेतली वाक्यं उतरवायला यापेक्षा जास्त वेळ जायचा.

विज्ञानाची शिक्षिका माझ्यामागे येऊन उभी होती. तिनं वाचलं.

“मॅडम, हे सोमवारी साहेब वाचतील.”

“त्यासाठीच लिहिलं आहे.”

“मग विचारतील, पटावर काहून आहेत?”

“विचारू देत.”

ती माझ्या शेजारी बसली. भंडाऱ्याची आहे, लग्न होऊन नागपुरात आली. “मॅडम, रागवू नका, पण तुमाले हे परवडते. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली मी, आता कुठं नोकरी पक्की झाली. पोरगी दोन वर्षांची आहे. तुमी खऱ्यानं वागाल अन् मले पाठवतील जिल्ह्याच्या टोकाले, देवलापारच्या पलीकडे.”

“तुझ्यावर नाही वं रागावले.”

“मले माहीत आहे. पण जाणार तर मीच ना.”

तिचं म्हणणं बरोबर होतं. हीच गोष्ट मला सगळ्यांत जास्त चिडवत होती. या व्यवहारात जो कोणी खरं बोलेल त्याचं काही जात नाही, दुसऱ्याचं जातं, अशी नेमकी व्यवस्था झालेली होती. मी तिला म्हणाले, “नावं काढा असं मी म्हणत नाही. मुलं आणा म्हणते. मुलं खरोखर वर्गात बसली तर तुझं पदही राहील आणि माझी वहीही खरी होईल.”

“आणणार कोण?”

“मी चारला मैदानावर जाते आहे.”

“कोच ऐकणार आहे काय तुमचं?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “ऐकला तर त्याले म्हणा, विज्ञानाचा तास दुपारी तीनचा आहे. मी सोडून राहिली नाही त्या पोट्ट्यायले.”

घरी जाऊन मी जेवले, तासभर पडले. झोप आली नाही. नवऱ्यानं विचारलं काय झालं, मी म्हटलं मग सांगते. चारला गाडी काढली.

मैदान रिंग रोडच्या पुढे, दोन ले-आउटच्या मध्ये. एका कडेला गवत, बाकी माती. मुलं प्लास्टिकच्या शंकूंमधून चेंडू नेत होती. मला पाहून दोन-तीन जण एकमेकांना ढुसण्या द्यायला लागले. “मॅडम आल्या बे, पाढे विचारतील,” एक जण म्हणाला, आणि दुसऱ्यानं गोलपोस्टकडे बोट दाखवून ओरडून सांगितलं, “तिसरी पास, तुले न्यायले आल्या.” गोलमध्ये उभा असलेला तोच मुलगा. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि हातमोजे एकमेकांवर आपटले.

कोच म्हणजे चार वर्षांपूर्वी शाळेत आला होता तोच माणूस. माझ्यापेक्षा लहान आहे, चाळिशीच्या आत. स्वतः राज्यासाठी खेळलेला. बाविसाव्या वर्षी गुडघा गेला. शाळा सातवीनंतर सुटली ती सुटलीच. मुलांवर त्याचा जीव आहे, हे मी नाकारत नाही. आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेलेला मी पाहिला आहे. त्यानं मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि स्वतः उभा राहिला.

“पत्र मलेही आलं मॅडम,” तो म्हणाला. “मी क्लबवाल्यायशी बोलून राहिलो. पोट्ट्याचा हात पाहा म्हटलं, डोळा पाहा. भागाकार घेऊन काय करता? गोलकीपरले भागाकार लागते काय?”

“ते काय म्हणाले?”

“म्हणाले, आमचा नियम आहे.”

“मग?”

“मग काय. असे नियम असले तर गरिबाच्या पोरानं खेळायचं कधी? चौदा ते सतरा, एवढंच वय असते मॅडम. तेव्हा पाय तयार झाला नाही तर पुन्हा होत नाही. भागाकार पंचविसाव्या वर्षीही शिकता येते.”

“तुम्ही शिकलात का पंचविसाव्या वर्षी?”

हे मी बोलायला नको होतं, पण बोलले आणि मागेही घेतलं नाही.

“चार वर्षांत तुमच्या किती मुलांना क्लबनं बोलावलं?” मी विचारलं.

“हा पहिलाच.”

“आणि तो कशावर अडला?”

त्यानं शिट्टी तोंडाला लावली आणि मुलांना उगीचच दोन चकरा मारायला लावल्या. मग म्हणाला, “तुमीच अ देला होता त्याले. मी म्हटलं, शाळा म्हणते हुशार आहे, तर असंन. मी कोणता शिकलेला आहो तपासायले?”

त्यानं मारलेला फटका बरोबर बसला. दिवसभरात दुसऱ्या माणसानं मला माझंच अक्षर दाखवलं होतं. मी म्हणाले, “म्हणून आले आहे. सोमवारपासून सगळी मुलं अकराला वर्गात पाहिजेत. तीनचा विज्ञानाचा तास झाला की सोडते. नाही आली तर गैरहजर लावणार, आणि का ते वरच्या ऑफिसला लिहून कळवणार. मुख्याध्यापकांना विचारू नका, ते तुम्हाला वेगळं सांगतील.”

“दुपारची झोप मॅडम. वाढत्या वयाचे पोट्टे, दोन टाइम पळतात. तुमच्या वर्गात झोपतील.”

“झोपू द्या. वर्गात झोपलं तर मी उठवीन. इथे झोपलं तर मला दिसतही नाही.”

“पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे.”

“पुढच्या महिन्यानंतर आणखी एक असेल.”

शेवटी तो बारा ते दोनवर आला. मी साडेअकरा ते साडेतीनवर आले. लहान मुलं सोमवारपासून पाठवतो, मोठी स्पर्धेनंतर, असं तो म्हणाला. मोठी म्हणजे नववीची, ज्यांना वेळ सगळ्यांत कमी आहे ती. मी ते मान्य केलं नाही. त्यानंही मान्य केलं नाही. ते भांडण तिथेच राहिलं, सोमवारसाठी. मग मी म्हणाले, “गोलकीपरचं मात्र उद्यापासून. माझ्या घरी.”

“उद्या सकाळी मॅच आहे.”

“किती वाजता संपते?”

“साडेनऊ.”

“साडेनऊला येते.”

मी गोलकडे गेले. त्यानं चेंडू बाजूला ठेवला आणि हातमोजे काढून बगलेत धरले आणि ताठ उभा राहिला, जसं वर्गात कोणी आलं की मुलं उभी राहतात तसं. पंधरा वर्षांचा, माझ्यापेक्षा हातभर उंच.

“बाबा आले होते,” मी म्हणाले.

“माहीत आहे. त्यायनं फोन केला.”

“पेपरमध्ये काहीच आलं नाही?”

“पहिलं येत होतं असं वाटलं. मंग बाजूच्या पोट्ट्यानं पान पलटवलं, तर मले घाम सुटला. तो दहा मिनिटांत देऊन निघून गेला मॅडम. मी घंटाभर बसून राहिलो. मधात उठलो असतो तर त्यायले समजलं असतं ना.”

“त्यांना तसंही समजलं.”

“हाव.” तो मातीकडे बघत होता. मग म्हणाला, “मागच्या वर्षी तुमी फळ्यावर लिहून देलं, तवाच मी म्हणणार होतो का मॅडम, हे कसं आलं ते सांगा. पण सगळे लिहून राहिले होते.”

माफी मागून त्याला भागाकार येणार नव्हता.

“तुला जायचं आहे का त्या क्लबात?”

“जायचं आहे.”

“एप्रिलपर्यंत तिसरीपासून पाचवीपर्यंतचं गणित आणि वाचन. रोज दोन तास, रविवारी चार. होईलच असं मी म्हणत नाही. मी तुला अजून तपासलेलंच नाही.”

“मॅडम, पोट्टे चिडवतात.”

“चिडवू दे. त्यांचंही तुझ्यासारखंच आहे, फक्त त्यांचा पेपर अजून कोणी घेतला नाही.”

तो किंचित हसला. मी त्याच्या वडिलांना तिथूनच फोन लावला. ते झोपेतून उठले होते. उद्या दुपारी नक्की सांगते, पण ठेकेदाराशी बोलू नका, एवढंच म्हटलं. ते बरं म्हणाले. आवाजात विश्वास नव्हता आणि तो असायचं काही कारणही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला मी मैदानावर पोचले. मॅच संपली होती, कोण जिंकलं ते मी विचारलं नाही. मुलाला चिखलाच्या बुटांसकट गाडीवर मागे बसवलं आणि घरी आणलं. अंगणातल्या नळावर हातपाय धुवायला लावले, पोह्यांची बशी दिली, ती रिकामी झाल्यावर टेबल पुसून घेतलं आणि चौथीचं पुस्तक उघडलं.

बेरीज येत होती. तीनशे दोनमधून एकशे अडतीस वजा कर म्हटलं तर त्यानं दोनशे छत्तीस लिहिलं. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलेलं, वर काय आणि खाली काय याचा विचार न करता. ही चूक दुसरीत होते आणि तिसरीत जाते. त्याची गेली नव्हती, कारण ती कोणी पाहिलीच नव्हती. मी डब्यातून आगपेटीच्या काड्या काढल्या, दहा-दहाचे जुडगे रबरानं बांधले, शंभराचे तीन गठ्ठे करून त्याच्यासमोर ठेवले आणि एक गठ्ठा त्यालाच सोडायला लावला. गोलकीपरच्या त्या मोठ्या बोटांना काड्या धरायला जड जात होतं. तिसऱ्यांदा उत्तर एकशे चौसष्ट आलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पुढचं उदाहरण घातलं.

सव्वाअकराला मी आत जाऊन त्याच्या वडिलांना फोन केला. वजाबाकी चुकते, भागाकार येत नाही, वाचताना जोडाक्षरं अडतात, पण एकदा दाखवलेलं दुसऱ्यांदा करतो, असं सांगितलं. एप्रिलपर्यंत होईल का, त्यांनी विचारलं. रोज आला तर पाचवीच्या जवळ जाईल, पास होईल की नाही ते मार्चमध्ये सांगीन, असं मी म्हटलं. त्यांनी विचारलं, लिहून ठेवू काय. मी म्हटलं ठेवा.

बाराला कोचचा फोन आला, मेसमध्ये मुलाचं ताट थांबलं आहे म्हणून. तो इथेच जेवेल आणि चारच्या आधी मैदानावर येईल, असं सांगून मी फोन ठेवला. वहीत आणखी पंधरा वजाबाक्या काढून दिल्या आणि कणीक भिजवायला घेतली.